आमचा हल्या पाहुण्यांना सोडत नाही

आमच्या घरात सगळ्यात जुनं आणि खानदानी रक्त कुत्र्याचं आहे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मी शाळेत इतिहास शिकवते, आणि इतिहासाच्या बाबतीत मी गंमत करत नाही (माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. रडतील बिचारे).

झालं असं, की नागपूरचा माझा भाऊ बंगला सोडून सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. तिथल्या लिफ्टमध्ये एक तर वहिनी मावायची, नाहीतर कुत्रा. भावानं बराच विचार केला आणि वहिनीला ठेवलं. कुत्रा आमच्याकडे अमरावतीला आला. जात इंग्लिश मास्टिफ. वय एक वर्ष, अंगानं म्हशीच्या वगारीएवढा, तोंडावर सुरकुत्याच सुरकुत्या आणि चेहरा असा, की आत्ताच कुणाच्या तरी मौतीला जाऊन आलाय. मी मोठ्या हौसेनं त्याचं नाव सम्राट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं दारात कॅन टेकवला, याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हल्या कधी घेतला?"

हल्या म्हणजे रेडा! संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत तेच नाव झालं. मी "सम्राट, सम्राट" म्हणून घसा कोरडा केला तरी हा डोळासुद्धा उघडायचा नाही, आणि गल्लीतल्या शेंबड्या पोरानं "ए हल्या" म्हटलं की शेपटी हलवत उठायचा. एवढ्या मोठ्या घराण्यातल्या जिवाला काही स्वाभिमान नसावा, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण घराणं खरंच मोठं आहे हो! मी पुस्तकं काढून वाचलं. असीरियाच्या राजवाड्यांच्या भिंतींवर हे कुत्रे कोरलेले आहेत, अडीच हजार वर्षांच्याही आधी. तीच रुंद छाती, तीच जाड मान, राजाबरोबर शिकारीला निघालेले. आणि तिथले लोक मातीचे लहान लहान कुत्रे घडवून घराच्या उंबऱ्याखाली पुरायचे, वाईटसाईट काही आत येऊ नये म्हणून. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर त्याचं नाव कोरायचे. त्यातल्या एकाचं नाव काय होतं माहीत आहे? 'विचार करू नको, चाव!' (हे नाव आहे. पूर्ण नाव.) पुढे रोमन लोकांनी ब्रिटनमधले धिप्पाड कुत्रे पाहिले आणि जहाजात घालून आखाड्यात लढवायला नेले. अशा कुळाचा वारस आमच्या हॉलमध्ये कूलरसमोर उताणा पडून घोरत असे, आणि मे महिन्यात त्याच्या पलीकडे कुणालाही हवेची झुळूक मिळत नसे.

"याच्या आज्याचं नाव 'विचार करू नको, चाव' असन," प्रज्ञाचे बाबा म्हणायचे, "पण याचं नाव 'चावूही नको अन् विचारही करू नको' असं पाह्यजे."

प्रज्ञाचे बाबा म्हणजे माझे यजमान. त्यांना इतिहासात गती नाही. मी त्यांना मास्टिफचा स्वभाव समजावून सांगायची. माणसानं शतकानुशतकं निवडून निवडून यातला संताप काढून टाकला. उरलं ते वजन आणि हट्ट. मास्टिफ उगाच भुंकत नाही. चावत नाही. घरात कुणी घुसलाच तर त्याला पाडून, मालक येईस्तोवर शांतपणे अडवून धरतो. त्याला शिकवावं लागत नाही, घरातल्या माणसांचं पाहून आपलं आपण शिकतो. हे शेवटचं वाक्य मी फार अभिमानानं म्हणायची. तो आमचं पाहून नेमकं काय शिकत होता, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. वऱ्हाडात पाहुणा जेवल्याबिगर जात नाही. म्हणजे जायला निघतो, पण जाऊ देत नाहीत. पाहुणा उठला, की प्रज्ञाचे बाबा टुणकन उठून दारात जाणार आणि दोन्ही हात पसरून उभे राहणार. "असं कसं जी? बसा! जेवल्याबिगर नाही जाऊ द्याचो!" पाहुणा म्हणणार, "नाही नाही, आत्ताच जेवून आलो." मग हे त्याचा हात धरून ओढणार, पाहुणा उलटा ओढणार, मी आतून ओरडणार, "ताट वाढलं!" (वाढलेलं नसायचं. तेव्हा कुठं कणीक भिजवायला घ्यायची.) पाहुणा हरणार, बसणार, जेवणार. मग सगळे मोकळे. हल्यानं हा खेळ दोन वर्षं कूलरसमोरून एका डोळ्यानं पाहिला. वर पाहुण्याच्या ताटातली उरलेली पोळी त्याला मिळायची. त्यानं त्याच्या परीनं अर्थ काढला: पाहुणा न जेवता उठला म्हणजे काहीतरी गुन्हा होतोय.

पहिला बळी गॅसवाला. सिलेंडर ठेवून तो परत निघाला, तर उंबऱ्यावर हल्या आडवा. ना भुंकणं, ना गुरगुरणं. गॅसवाल्यानं ओलांडायला पाय उचलला, की हल्या हळूच उठून त्याच्या पोटाला टेकायचा, आणि गॅसवाला दोन पावलं मागं. आम्ही बिस्किट दाखवलं, साखळी ओढली, प्रज्ञाच्या बाबांनी मागून ढकललं. ढिम्म! शेवटी कंटाळून मी गॅसवाल्याला म्हटलं, "बसा हो, पोहे खा तोवर." त्यानं पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली, आणि हल्या जांभई देत बाजूला झाला. त्या दिवसापासून तो गॅसवाला आमचा सिलेंडर बरोबर जेवणाच्या वेळेला आणतो.

आम्ही हसलो. कॉलनीभर सांगत सुटलो. आणि मग प्रज्ञानं सांगितलं, की तिचं जमलं आहे.

प्रज्ञा आमची एकुलती एक. पुण्याला नोकरी करते. मुलगा निखिल, तिच्याच ऑफिसातला, मूळचा अकोल्याचा. दोघांचं पक्कं होतं, पण निखिलच्या वडिलांचं अजून व्हायचं होतं. दादाराव त्यांचं नाव. रिटायर झालेले हेडमास्तर, शब्दाला जपून, मुळात शब्दच कमी. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोरापोरींनी ठरवलं ते ठीक, पण मी घर पाहीन, माणसं पाहीन, मग सांगीन.

"आई, एक ऐक," ते येणार त्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञा मला म्हणाली. "दादाराव काका मुलीच्या घरी हो म्हणेपर्यंत जेवत नाहीत. पाणी, चहा, बस. त्यांच्याकडे ताटावर बसलं म्हणजे सोयरीक झाली. निखिलच्या मोठ्या भावाच्या वेळी दोन ठिकाणी नुसता चहा पिऊन उठून आले ते."

"बरं."

"दुसरं. हल्याला मागच्या खोलीत कोंडायचं."

"बरं."

"अन् तिसरं. कुत्र्याचा इतिहास सांगायचा नाही. एक शब्द नाही. निखिल म्हणत होता, बाबांना फार बोलणारी माणसं नाही चालत." तिनं माझा हात धरला. "आई, मले हे घर पाह्यजे. म्हणजे, निखिल पाह्यजे. तू समज ना."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत असं ऊन, की रस्त्यावर कावळा दिसेना. हल्याला मागच्या खोलीत कोंडलं. तिथं कूलर नव्हता. पाहुणे दारात आले, "जय भीम, जय भीम" झालं, दादाराव, त्यांच्या पत्नी कुसुमताई आणि निखिल बसले, आणि मागच्या खोलीच्या दाराची कडी शांतपणे, कसलाही आवाज न करता, चौकटीतून उखडून आली. हल्या डुलत डुलत हॉलमध्ये आला. त्यानं पाहुण्यांकडे पाहिलंही नाही. कूलरसमोर अंग टाकलं आणि झोपला. दादारावांनी पाय जरा वर घेतले.

सुरुवात छान झाली. प्रज्ञानं पाणी दिलं. दादारावांनी विचारलं, काय काम करता, तिनं नेमकं सांगितलं. कुसुमताईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का, ती म्हणाली, "भात येतो, निखिलला पोळ्या येतात." कुसुमताई हसल्या. मी गप्प. शपथेवर सांगते, मी घड्याळाकडे पाहत गप्प! आणि तेवढ्यात दादाराव, केवळ काहीतरी विचारावं म्हणून, म्हणाले,

"हा कोणचा कुत्रा म्हणाव?"

त्यांनी विचारलं! मी सुरू केलं नाही! पाहुण्यानं थेट प्रश्न विचारला तर शिक्षिकेनं काय करावं? मी एका शब्दात उत्तर द्यायचं ठरवलं होतं. "मास्टिफ" म्हटलं आणि थांबले. दादाराव म्हणाले, "असं का?" आता 'असं का' म्हणजे सांगा, असंच झालं ना?

मी असीरियापासून धरलं. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी राजवाड्याच्या भिंतींवर आले. प्रज्ञाचे बाबा खोकले. मी उंबऱ्याखाली पुरलेले मातीचे कुत्रे बाहेर काढले, एकेकाचं नाव सांगितलं. प्रज्ञाचे बाबा इतके खोकले की कुसुमताईंनी त्यांना पाणी दिलं. मी रोमन लोकांना जहाजात बसवलं. मधे निखिलनं "काकू, वा, छान" म्हणून थांबवून पाहिलं, त्याला वाटलं असेल संपलं. छे, अजून स्वभाव राहिला होता! "मास्टिफ म्हणजे अत्यंत शांत," मी सांगत होते, "कमी बोलणारा, संयमी…" आणि समोर प्रज्ञाचे डोळे भरून आलेले मला दिसले. तेव्हा कुठं माझी गाडी थांबली. पण उशीर झाला होता. दादाराव उठले.

"येतो आमी," ते म्हणाले. "कळवतो."

कळवतो! मुलीच्या आईला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. प्रज्ञा खाली मान घालून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी माझी शहाणी लेक, आणि मी तिच्या सुखावर रोमन साम्राज्य नेऊन आदळलं!

आणि हल्यानं एक डोळा उघडला. पाहुणा उभा. ताट वाढलेलं नाही. दारात हात पसरून कुणीच उभं नाही, कारण प्रज्ञाचे बाबा खोकून खोकून अर्धमेले झालेले. हल्या उठला, अंग झाडलं (लाळेचा एक थेंब दादारावांच्या धोतरावर), चालत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर आडवा झाला.

"याले बाजूले करा," दादाराव म्हणाले.

प्रज्ञाच्या बाबांनी गळपट्टा धरून ओढला. निखिलनं मागून रेटा दिला. मी "सम्राट, बाजूला हो! सम्राट!" करून पाहिलं, मग लाज सोडून "हल्या, ऊठ ना रे बाबा!" करून पाहिलं. त्यानं आमच्याकडे इतक्या दुःखी चेहऱ्यानं पाहिलं, की आम्हीच काहीतरी चुकतोय असं वाटावं. दादाराव मागच्या दाराकडे निघाले. हल्या त्यांच्याआधी तिथं. पुन्हा पुढं आले. हल्या पुढं. तिसऱ्या फेरीला तो उभ्या उभ्या दादारावांना टेकला आणि त्यांना अलगद भिंतीला लावून ठेवलं.

"हा… हा काय करून राह्यला?" दादारावांनी भिंतीला चिकटूनच विचारलं.

"काही नाही जी, टेकून राह्यला," प्रज्ञाचे बाबा म्हणाले. "चावत नाही तो. जेवल्याबिगर जाऊ देत नाही फक्त."

"कोन?"

"कुत्रा."

दादारावांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे सगळं आम्ही मुद्दाम ठरवून केलंय, मुलगी खपवायला कुत्रा तयार केलाय, असा संशय त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसला. आणि खुलासा करायला मला तोंड कुठं होतं?

"मी जेवत नसतो," ते भिंतीपासून सुटून खुर्चीत ताठ बसत म्हणाले. "माया बापानं असं कदी केलं नाही, मी करणार नाही. बसतो इथंच."

"बसा," प्रज्ञाचे बाबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हल्या त्यांच्या पायाशी बसला. अर्धा तास असाच गेला. स्वयंपाकघरात आमरस तयार होता, पाहुणे हो म्हणाले तर असावा म्हणून. मला रिकामं बसवेना, मी कुरड्या तळायला घेतल्या. तळणाचा वास हॉलमध्ये गेला. कुसुमताई चुळबुळल्या.

"मले तं भूक लागली बापा," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाऊनच्या निंगालो. मी जेवतो."

"कुसुम!"

"तुमचा नेम हाय, माया नाही."

त्यांनी ताट घेतलं, मिटक्या मारत रस-पोळी खाल्ली, हात धुतला आणि सहज दाराबाहेर जाऊन अंगणात फिरून परत आल्या. हल्यानं मानही वळवली नाही. "मले जाऊ देल्लं!" त्या आनंदानं म्हणाल्या. मग निखिल जेवला. त्यालाही सुटका. राहिले एकटे दादाराव. त्यांनी युक्ती म्हणून चहाबरोबरचं अर्धं बिस्किट खाऊन पाहिलं आणि उठले. हल्या उठला. बिस्किट म्हणजे जेवण, असं आमच्या घरात कधीच कुणी धरलेलं नाही.

तेवढ्यात प्रज्ञा बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा शांत. कुणाशी काही न बोलता ती दारात गेली, जमिनीवर बसली आणि तिनं हल्याला हाक मारली. तो तिच्याकडे गेला. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी घातली, पाय भिंतीला टेकवले आणि त्याला दारातून बाजूला आपल्याकडे ओढून धरलं. तिचा सगळा जोर लागत होता.

"काका, दार मोकळं आहे," ती म्हणाली. "नाही म्हणायचं असन तं मोकळेपणानं म्हणा. कुत्र्याच्या भेवानं कुणी माया घरी जेवू नये."

एवढंच. निखिल तिच्याजवळ जाऊन खाली बसला आणि त्यानंही गळपट्टा धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी. मला नुसतं रडू येत होतं.

दादाराव उठले. चपला घातल्या. उंबरा ओलांडला. अंगणात गेले, फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी काढली. मग तिथंच उभे राहिले, उन्हात, आमच्याकडे पाठ करून. किती वेळ उभे होते कोण जाणे, मला तर एक अख्खं शतक वाटलं. परत फिरले, चपला काढल्या आणि आत येऊन पाटावर बसले.

"रस गोड हाय का आंबट?" त्यांनी विचारलं.

"गोड," प्रज्ञा म्हणाली. एकच शब्द.

"वाढ मंग."

तिनं हल्याला सोडलं आणि ताट आणलं. कुसुमताईंनी पदरानं डोळे पुसले. प्रज्ञाच्या बाबांनी खोकणं बंद केलं. दादाराव सावकाश, पोटभर जेवले, दोन वाट्या रस पिऊन बोटं चाटली, आणि मग हात धुऊन, कुणीही विचारलेलं नसताना, प्रज्ञाच्या बाबांना म्हणाले, "सोयरे, खरं सांगू का? पोरगी मले आधीपासून पसंत होती. भेव एकच होतं, मायवर गेली असन तं कसं होईन? मघाशी दारात चार शब्द बोलली अन् चूप झाली. तवा समजलं, नाही गेली."

सगळे हसले. प्रज्ञाचे बाबा जरा जास्तच हसले. मीही हसले, कारण लेकीचं जमलं होतं, आणि त्या आनंदात कुणी मला झाऱ्यानं मारलं असतं तरी मी हसलेच असते.

साक्षगंध (पुण्याकडे साखरपुडा म्हणतात तो) अकोल्याला झालं. प्रज्ञानं यावेळी वचनबिचन घेतलं नाही. घरून निघतानाच तिनं माझ्या तोंडात मसाल्याचा मोठा विडा भरला, तो संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. मांडवात दादारावांनी एकेका सोयऱ्याला आणून माझी ओळख करून दिली, मी गाल फुगवून नुसती मान डोलावत राहिले. सगळ्यांवर माझी भारी छाप पडली. कुसुमताईंनी नंतर फोन करून कौतुकानं कळवलं, "आमच्या इकडचे समदे म्हनतात, पोरीची माय किती गरीब सभावाची हाय! काही बोलत नाही, तोंडातून लाळ तेवढी गळते. अगदी त्यायच्या कुत्र्यावर गेली."